मेंढवाड्यातली इंग्रजी शाळा

बी.ए. होऊन मी पुण्याहून लासुर्ण्याला आलो तो वर्षभराच्या बोलीवर. गावाला इंग्रजी शाळा हवी होती. इमारत नव्हती, मास्तर तेवढा मिळाला होता. रोज सकाळी वाटे, आज ट्रंक भरावी आणि चालू लागावं.

शाळा आधी एका गुऱ्हाळात भरायची. ऊस गाळायला लागले तसे आम्ही बाहेर पडलो. मग गावातल्या तात्यांनी त्यांचा मेंढवाडा दिला. कालव्याचं पाणी आल्यावर त्यांनी मेंढरं विकून शेती धरली होती. मुलांनी लेंड्या उपसल्या, जमीन सारवली. तरी वास जाईना आणि माझं चित्त थाऱ्यावर येईना.

एके दिवशी तात्या मुलीला घेऊन आले. गावातली मराठी चौथी ती पास झाली होती.

"मास्तर, हिलाबी बसवा."

शाळेचा कारभार पाहणारे आबा तिथंच होते. "पोरांच्यात पोरगी? लोक पोरं काढून घेत्याल."

"घिऊंद्या. माज्या जागंत माजी पोर भाईर ऱ्हायची न्हाय."

दोघंही माझ्याकडं बघू लागले. मला कुणाचीच बाजू घ्यायची नव्हती. कसंबसं वर्ष काढायचं होतं. मुलगी मात्र फळ्यावरच्या अनोळखी अक्षरांवरून नजर हलवत नव्हती.

"पुढं येऊन बस," मी म्हणालो.

आबा निघून गेले. दुसऱ्या दिवशी निम्मा वर्ग रिकामा होता. मला घरात बसवेना. शाळा सुटली की मी वस्त्यांवर हिंडू लागलो, ओट्यांवर बसून आईबापांची मनं वळवू लागलो. कुणी चहा दिला, कुणी दार लावून घेतलं. परीक्षा जवळ आली तशी मुलं एकेक करून परतली. शेवटी आबांनीही नातवाला धाडलं, स्वतः मात्र वर्षभर माझ्याशी बोलले नाहीत.

वर्षागणिक वरचे वर्ग वाढले, तात्यांच्याच जागेत दगडी खोल्या उभ्या राहिल्या. मुलगी पुढं बाहेरगावी शिकून इंदापूरच्या मुलींच्या शाळेत मास्तरीण झाली. ती बातमी सांगायला आलेले तात्या म्हणाले, "आता तरी निवांत बसा, मास्तर."

"बसतो की," मी म्हणालो आणि चपला घातल्या. मॅट्रिकचा वर्ग अजून सुरू व्हायचा होता.