फलकावरचा कॅप्टन

हे लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. आधी नोकरीमुळे वेळ नव्हता, मग चष्म्याचा नंबर बदलायचा होता, मग बायको म्हणाली, आता कशाला उकरून काढताय. तिन्ही कारणं उत्तम होती आणि मी ती पुरवून पुरवून वापरली.

लंडनच्या हॅरो उपनगरात आमच्या मराठी मंडळाचा क्रिकेट क्लब आहे. पॅव्हेलियन म्हणजे कौन्सिलकडून भाड्याने घेतलेली एक खोली, त्यात चहाची किटली आणि भिंतीवर लाकडी सन्मानफलक. फलकावर क्लबच्या थोर खेळाडूंची नावं सोनेरी अक्षरांत रंगवलेली आहेत. त्यात माझंही आहे. धावांशी माझं फारसं जमलं नाही, पण आम्ही लागोपाठ काही वर्षं लीग जिंकली तेव्हा कॅप्टन मी होतो, आणि थोर व्हायला कॅप्टनला तेवढं पुरतं.

लीग जिंकून दिली ती आमच्या वेगवान गोलंदाजाने. नागपूरचा मुलगा, माझ्याहून बराच लहान. एका मोसमात त्याचा खांदा पार गेला. पुढच्या उन्हाळ्यात तो परत आला तेव्हा जुना शर्ट त्याच्या दंडांवर चढेना. क्लबने याचं श्रेय एकमताने त्याच्या बायकोच्या स्वयंपाकाला दिलं.

मी पेशाने फार्मसिस्ट. स्टिरॉइडने माणसाचं काय होतं, हे लोकांना समजावून सांगण्याचा मला पगार मिळायचा. त्यामुळे त्याने कार पार्कमध्ये किटबॅगेतून एक छोटी बाटली काढली, तेव्हा योग्य माणसाकडेच तो आला होता.

"कॅप्टन, जिममधल्या एकाने दिलंय. खांदा चालायला लागला यानं. पण तुम्हाला यातलं कळतं. घेत राहू का?"

"मला दाखवू नकोस," मी म्हणालो. "रविवारी सेमी-फायनल आहे. वेळेवर ये."

तो वेळेवर आला. समोरच्या संघाचा ओपनर पहिल्या ओव्हरनंतर हेल्मेट मागवत होता. त्या मोसमात आणि नंतरही मी दोन्ही डोळे सताड उघडे ठेवून काहीही पाहिलं नाही. कप्तानीतला हा सगळ्यात अवघड भाग, आणि तो मला छान जमला.

पुढे त्याचं हृदय कमकुवत झालं. तो तासाभरावरच्या मिल्टन कीन्सला राहायला गेला होता, तरी एका शनिवारी मुद्दाम हॅरोला आला आणि नेटमधल्या पोरांना समोर बसवून त्याने सगळं सांगितलं. काय घेतलं, किती वर्षं घेतलं, डॉक्टर आता काय म्हणतात. "माझ्या विकेट बघून हुरळून जाऊ नका," म्हणाला. कार पार्कमधल्या बोलण्याचा त्याने उल्लेख केला नाही. मी मागे उभा राहून गंभीरपणे मान हलवत होतो.

त्यानंतर फलकाचा विषय निघाला. क्लबची सेक्रेटरी पुण्याहून आयटीत आलेली मुलगी. ती बैठकीत म्हणाली, "त्यांचं नाव घालूया ना. एवढ्या विकेट आहेत, आणि स्वतःहून खरं बोललेत."

आमच्या मंडळात फलकावर नाव सर्वानुमते चढतं. फार पूर्वी गणपतीच्या मिरवणुकीवरून मतदान झालं आणि मंडळाची दोन मंडळं झाली, तेव्हापासून मोजणी बंद. एक हात विरोधात वर गेला की विषय संपला, आणि हात कोणाचा ते खोलीबाहेर सांगायचं नाही. इतकी सोयीची पद्धत मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

मी हात वर केला. खेळाचं पावित्र्य, पुढच्या पिढीपुढचा आदर्श, सगळ्यावर बोललो. मुद्दा खरं तर एवढाच होता की त्याचं नाव चढलं असतं तर लोक त्या मोसमांबद्दल बोलले असते, आणि बोलता बोलता कोणीतरी विचारलं असतं की कॅप्टन तेव्हा काय करत होता.

"काका, मग तुमचं नाव?" सेक्रेटरीने शांतपणे विचारलं.

"मी कुठे काय घेतलं होतं?" मी म्हणालो. सगळे हसले, आणि चहा आला.

त्याच वर्षी आमचे अमेरिकेतले जावई आले होते. त्यांना बेसबॉलचं वेड. जेवताना सांगत होते की तिकडच्या हॉल ऑफ फेममध्ये स्टिरॉइडच्या काळातल्या मोठमोठ्या खेळाडूंना घेत नाहीत, दरवर्षी वाद होतो.

"बरोबरच आहे," मी म्हणालो.

"पण बाबा, त्यांचे संघ चालवणारे मॅनेजर आत आहेत. त्याच टीम, त्याच जिंकलेल्या मॅचेस."

"त्यांना माहीत नसेल."

"रोज त्याच ड्रेसिंग रूममध्ये बसून?"

मी श्रीखंड आणखी वाढून घेतलं. त्या खेळाडूंना सन्मान द्यावा की नाही, यावर माझं आज स्पष्ट मत आहे. द्यावा, आणि नावाखाली खरं काय ते लिहावं. द्यायचा नसेल तर त्यांच्या जिवावर आत बसलेल्यांनाही बाहेर काढावं. मत तयार व्हायला मला जरा उशीर झाला.

जावई परत गेल्यावर मी मिल्टन कीन्सला गेलो, सगळं सांगून टाकायला. रस्त्यात राउंडअबाउटचे गोल चौक एकामागून एक येत होते आणि प्रत्येकावर माझं पहिलं वाक्य बदलत होतं. तो खुर्चीत उशांना टेकून बसला होता. चेहरा सुजलेला, पाय सुजलेले.

"बसा कॅप्टन. फलकाचं मनाला लावून घेऊ नका," तोच म्हणाला. "तुम्ही माझ्यासाठी भांडला असाल, माहीत आहे मला."

त्याची बायको पोह्यांची बशी घेऊन दारात उभी होती. तीही माझ्याकडेच बघत होती.

"प्रयत्न केला," मी म्हणालो.

मग आम्ही ट्रॅफिकवर बोललो. हिवाळ्यात तो गेला. क्रेमॅटोरियममध्ये जुना कॅप्टन म्हणून मला चार शब्द बोलायला सांगितलं आणि मी चांगलं बोललो, असं बऱ्याच जणांनी जवळ येऊन सांगितलं. त्यातले चारही शब्द चुकीचे होते. बरोबरचे मिल्टन कीन्सला त्याच्या खुर्चीसमोर बोलायचे होते: तो हात माझा होता. तू विचारलंस तेव्हा मला उत्तर माहीत होतं, आणि मला रविवारची मॅच हवी होती. मला माफ कर.