दरीतून शुभदाला वर कोणी आणलं?

या सदरातले अनुभव मी कित्येक वर्षं वाचतोय, आणि खरं सांगतो, वाचून हसत आलोय. आमचं घर बनारसचं, ब्रह्माघाटावरचं. घरात पिढ्यानपिढ्या वेदपाठ. लहानपणापासून गल्लीतून 'राम नाम सत्य है' ऐकत जेवलेला माणूस मी... मला भुताखेतांची भीती कधी वाटली नाही आणि विश्वास तर नव्हताच. आजही माझ्या गोष्टीत भूत आहे असं मी म्हणत नाही. त्यात भिण्यासारखं जे आहे ते माझ्याबद्दलचंच आहे. म्हणून तर लिहायला इतकी वर्षं लागली. (आमच्या मराठीत हिंदी घुसते, तेवढं सांभाळून घ्या.)

नव्वदच्या दशकातली सुरुवातीची वर्षं. मी रेल्वेत नोकरीला, वय सत्तावीस. लग्नाला सहा महिने झाले होते. शुभदा अकोल्याची. बनारसच्या गल्ल्या, घाटाच्या पायऱ्या, घरातलं सोवळं यात ती अगदी कोंडून गेली होती. कार्तिक संपता संपता एका रविवारी मी आईला म्हटलं, हिला जरा डोंगर दाखवून आणतो. आई म्हणाली, "जा, पण दिवेलागणीच्या आत ये."

बनारसहून साठ-पासष्ट किलोमीटरवर, चकियाच्या पुढे, विंध्याचे डोंगर सुरू होतात. तिथे चंद्रप्रभा अभयारण्य आहे. राजदरी आणि देवदरी असे दोन धबधबे. बनारसी लोक राजदरीवर जातात, बाटी-चोखा भाजतात, खातात आणि परत येतात. पुढे कड्याच्या काठाकाठानं देवदरीपर्यंत पायवाट जाते, आणि तिथून दगडांतून एक अवघड वाट खाली उतरते. खालच्या कातळावर उभं राहिलं की अख्खा धबधबा समोर दिसतो. मी ऑफिसातल्या मित्रांबरोबर एकदा गेलो होतो. शुभदाला तेच दाखवायचं होतं. म्हणजे खरं तर मला ती वाट किती माहीत आहे, ते दाखवायचं होतं.

पहाटेची बस, चकियाहून जीप. दहाच्या सुमारास आम्ही पोचलो. देवदरीच्या वर, कठड्यापाशी वनखात्याची एक चौकी होती. शुभदा मागे पाणी बघत थांबली होती तेवढ्यात मी एकटाच चौकीपाशी जाऊन वाट विचारली. चौकीदार म्हातारासा होता, तळहातावर खैनी मळत बसलेला. म्हणाला, "जाईं बाबू. बाकी नीचे धुआँ मत करिहा. पहाड़ में मधुमक्खी क बड़का छत्ता बा."

खाली धूर करू नका, कड्यावर मधमाश्यांचं मोठं पोळं आहे, एवढंच. मी मान हलवली आणि शुभदाला यातलं काही सांगितलं नाही. आम्ही दोघं उतरलो तेव्हा चौकीदार आत गेला होता, त्यानं शुभदाला पाहिलंच नाही.

उतरताना ती इतकी खूश होती! साडी खोचलेली, पायांत माझ्या बहिणीचे कॅनव्हासचे बूट. दर दहा पावलांनी थांबून "अहो, ते बघा" म्हणायची. कातळावर पोचल्यावर आम्ही सतरंजी पसरली, पुऱ्या आणि बटाट्याची भाजी खाल्ली. मग ती सहज म्हणाली, "आता गरम चहा असता तर..." आणि मी लगेच उठलो. किटली होती, चहा-साखर पुडीत होती. तीन दगड मांडले, काटक्या पेटवल्या. पालापाचोळा ओला होता. बघता बघता पांढरा धूर कड्याला चिकटून वर चढायला लागला. मला चौकीदाराचं बोलणं आठवलं नाही असं नाही. आठवलं. वाटलं, पाच मिनिटांचं तर काम आहे.

आधी आवाज आला. धबधब्याच्या आवाजाच्या वर, दुसराच. मग कड्यावरचा काळा डाग हलला आणि हवेत पसरला.

आग्या मोहोळाच्या माश्या चावताना कुणी पाहिलं आहे का, माहीत नाही. पहिली मानेवर बसली, दुसरी डोळ्याच्या वर. मी "पळ!" असं ओरडलो आणि पळालो. शुभदा माझ्या मागे होती. वाटेत बोरीचं झुडूप होतं, त्यात तिचा पदर अडकला असावा. कारण मागून हाक आली, "अहो! अहो, थांबा!"

मी ती हाक ऐकली. हे नीट लिहितो, कारण पुढे वर्षानुवर्षं मी स्वतःला समजावत राहिलो की पाण्याच्या आवाजात काही ऐकूच आलं नव्हतं. मी ऐकलं. दोनदा ऐकलं. आणि मी थांबलो नाही.

वर चौकीत शिरलो तेव्हा एक डोळा पूर्ण मिटला होता. चौकीदारानं मला आत ओढलं, खैनीचा चुना काढून डंखांवर चोळला. मग विचारलं, "नीचे अउर केहू बा?"

खाली आणखी कुणी आहे का, एवढाच प्रश्न.

मी म्हटलं, "नहीं. कोई नहीं."

का म्हटलं? 'बायको आहे' म्हटलं असतं तर तो म्हणाला असता, चला. मला परत त्या वाटेनं उतरावं लागलं असतं. याशिवाय दुसरं कारण मला आजवर सापडलेलं नाही. मी तिथे खाटेवर बसून होतो, आणि पंधरा-वीस मिनिटं मी काहीही केलं नाही. चौकीदार कठड्याशी जाऊन खाली बघत होता.

एकाएकी तो म्हणाला, "आवत हउवन. दू जने."

मी उठून कठड्यापाशी गेलो. "दो? दो कौन?"

"एक ठे मेहरारू, एक ठे मरद. दरी ओढ़ले हउवन." बाई आणि पुरुष, डोक्यावरून सतरंजी घेतलेले. मग तो माझ्याकडे वळला. "आप त कहत रहलीं कि कोई नाहीं?"

मी उघड्या डोळ्यानं खाली बघत होतो. दगडांतून आमची सतरंजी वर येत होती, निळ्या-तांबड्या पट्ट्यांची. सावकाश, एकेक पाऊल बघून टाकल्यासारखी. एका माणसानं पांघरली तर दिसेल त्यापेक्षा ती रुंद दिसत होती, एवढं नक्की. खालचे पाय मला नीट दिसले नाहीत. मग ती वाटेच्या वळणावर झाडीआड गेली. चौकीदारानं माझ्या हातात पाण्याचा लोटा दिला आणि म्हणाला, "जाईं, पानी पियाईं." आता माश्या तिथे नव्हत्या. मी धावलो.

वळणावर शुभदा एका दगडावर बसली होती. एकटी. सतरंजी खांद्यावर. मला बघून हसली आणि म्हणाली, "इतक्या लवकर आणलंत?"

मला काही समजेना. "काय?"

"पाणी हो. आत्ता तर गेलात. मी म्हटलं थांबा जरा, तर म्हणालात, तू बस, मी पाणी घेऊन येतो." तिनं लोटा घेतला, घटाघट प्यायली. मग माझ्या सुजलेल्या डोळ्याला हात लावला आणि तिला रडू फुटलं. "माझ्या वाटचे सगळे डंख तुम्ही घेतलेत. मला बघा, तीनच. परत आला नसतात तर मी आज तिथेच..."

मी म्हटलं, "हं."

माझ्या तोंडून तेवढंच निघालं, आणि त्या एका हुंकारावर आमचा पुढचा सगळा संसार उभा राहिला.

मागून चौकीदार आला. त्यानं आजूबाजूला बघितलं, झाडीत डोकावला, वाटेवर थोडं खाली उतरून आला. "दूसर जने कहाँ गइलन?"

शुभदाची हिंदी तेव्हा मोडकीतोडकी होती. माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "यही तो थे."

चौकीदार माझ्याकडे बघत राहिला. तो काही बोलला असता तर फार बरं झालं असतं. त्यानं फक्त लोटा उचलला आणि वर निघून गेला.

परतीच्या बसमध्ये शुभदा माझ्या खांद्यावर डोकं टेकून बोलत होती. मी कसा आलो, सतरंजी तिच्यावर कशी टाकली, मनगट कसं घट्ट धरलं. "आणि सगळी वाट बोलत होतात. घाबरू नकोस, पाय बघून टाक... मग ते पंचगंगा घाटावरचं सांगितलंत."

"पंचगंगेचं काय?"

"आता लाजू नका. तुमच्या आत्यांचं. शेवाळावरून घसरून पाण्यात पडल्या आणि तुम्ही घाबरून पायऱ्या चढून पळालात, ते. नाव वल्हवणाऱ्या मल्लाहानं त्यांना काढलं, आणि घरी सगळ्यांना वाटलं, तुम्ही मदत आणायला पळाला होतात. ते सांगून म्हणालात, तेव्हा पळालो होतो, आज नाही पळणार." थोडं थांबून ती म्हणाली, "बरं झालं सांगितलंत. मला तुम्ही आज पहिल्यांदा आपले वाटलात."

मी अठरा वर्षांचा असताना हे घडलं होतं. अगदी असंच. आत्या वाचली, आणि मरेपर्यंत माझं कौतुक करत राहिली. मी घाबरून पळालो होतो हे मी आईला, मित्राला, कुणालाही, कधीही सांगितलं नव्हतं. त्या मल्लाहानंही मला पळताना पाहिलं नव्हतं.

बस मुगलसरायला पोचेपर्यंत मी खिडकीबाहेर बघत होतो. 

घरी आईनं दोघांची दृष्ट काढली. शुभदानं तिला सगळं सांगितलं, आईनं गल्लीला सांगितलं. अकोल्याहून सासऱ्यांचं पत्र आलं. त्यातलं एक वाक्य अजून पाठ आहे: 'मुलगी योग्य हाती दिली, आता निश्चिंत आहे.' मी ते पत्र दोनदा वाचलं आणि कपाटात खाली, कपड्यांच्या आत सरकवून ठेवलं.

महिन्याभरानं घरी न सांगता मी पुन्हा देवदरीला गेलो. चौकीदार तिथेच होता. मी विचारलं, त्या दिवशी खाली दुसरं कुणी उतरलं होतं का? तो म्हणाला, नाही, वाट तर चौकीसमोरूनच जाते, आणि आम्ही उतरल्यावर तो बाहेरच बसून होता. मग त्यानं नक्की काय पाहिलं होतं? तो म्हणाला, दोन जणं. पुरुषानं निळं स्वेटर घातलं होतं. आणि मग, माझ्याकडे न बघता, "हम त समझलीं कि आपै क भाई हउवन."

मला भाऊ नाही. निळं स्वेटर मी त्या दिवशी घातलं होतं, आणि चौकीत त्याच्याशेजारी उभा होतो तेव्हाही ते माझ्याच अंगात होतं.

मी खूप डोकं चालवलं. शुभदाला डंखांच्या विषानं भास झाला असेल. सतरंजी तिनं स्वतःच घेतली असेल. पंचगंगेचं मी कधी झोपेत बडबडलो असेन. म्हाताऱ्याची नजर अधू असेल. एकेक सुटं धरलं तर सगळं पटतं. एकत्र धरलं की पटत नाही.

पुढची वर्षं सांगण्यासारखी नाहीत, म्हणजे चांगली गेली. दोन मुली झाल्या. माझी बदली झाली, आई अंथरुणाला खिळली, शुभदाचं ऑपरेशन झालं. प्रत्येक वेळी ती मला म्हणायची, तुम्ही आहात ना, मग मला काळजी नाही. आणि प्रत्येक वेळी मला माहीत असायचं की ती ज्याला हे म्हणतेय तो मी नाही. मी त्या माणसासारखं वागायचा प्रयत्न मात्र केला. आईच्या आजारपणात तर जिवापाड केला. लोकांनी वाखाणलं की आणखी खाली बघायचो. घरी पाहुणे आले की शुभदा ती गोष्ट सांगायची, "आणि हे परत आले हो!", आणि मी तिथून उठून जायचो. लोकांना वाटायचं, काय विनयशील माणूस आहे!

गेल्या वर्षी मी रिटायर झालो. एका दुपारी ती तांदूळ निवडत होती. मी समोर बसलो आणि सगळं सांगितलं. धुराबद्दल चौकीदारानं बजावलं होतं ते. हाक ऐकली ते. 'कोई नहीं' म्हणालो ते. ती बराच वेळ खडे वेचत राहिली.

मग म्हणाली, "आणि आत्यांचं?"

"ते खरं आहे. पण तुला मी नव्हतं सांगितलं."

ती उठली, तांदूळ धुतले, भात लावला. त्या दिवशी आणि पुढे आठ दिवस ती माझ्याशी नेहमीसारखीच वागली. त्या वळणावर तिला सोडून गेलेला माणूस कोण होता, हे तिनं मला एकदाही विचारलं नाही. मी वाट बघत होतो. मला वाटलं होतं, दोघं मिळून त्याचा विचार करू.

नवव्या दिवशी सकाळी चहा देताना ती म्हणाली, "एकच सांगा. तुम्ही त्याला 'कोणी नाही' म्हणालात, तेव्हा मी मेले असं तुम्हाला वाटलं होतं? की मी मेले तरी चालेल असं वाटलं होतं?"

मी खूप आठवून पाहिलं. त्या खाटेवर बसलेल्या स्वतःकडे परत परत गेलो. मी तिला म्हटलं, मला माहीत नाही. ते खोटं नव्हतं. तिनं मान हलवली आणि आत गेली.

ती गोष्ट ती आता कुणाला सांगत नाही. दरीत कोण आलं होतं याचा उलगडा मला अजून झालेला नाही, वाचकांपैकी कुणी केला तर ऐकायला आवडेल. तिच्या प्रश्नाचं उत्तर मात्र मलाच द्यायचं आहे, आणि ते मी अजून दिलेलं नाही.