पाय पक्षाचे, हात माझा

कशालाही पटकन ‘हो’ म्हणायचं नाही, ही माझ्या दिरांची खोडच होती. कढी करू की पिठलं, एवढं विचारलं तरी रंगनाथ भाऊजी विचारात पडायचे. घरदार ‘कढी’ म्हणालं की भाऊजी शांतपणे म्हणायचे, “मला पिठलं.” मी वैतागायचे. “अहो, चूल एकच आहे माझी!” त्यावर म्हणायचे, “मंग कढीच करा वहिनी. मी बी खाईन. पन इचारलं तर मी पिठलंच म्हननार.”

भोकरदनजवळच्या आमच्या खेड्यात तेव्हा निजामाचं राज्य होतं. आमचे हे आणि भाऊजी, दोघेही बंदी घातलेल्या पक्षात. हे पक्के शिस्तीचे; वरून निरोप आला की विषय संपला. भाऊजींचं वेगळंच. “पाय पक्षाचे, धाडतील तिथं जातो. हात मातर माझा. तो मला इचारूनच वर होनार.” दोघा भावांचं यावरून रोज वाजायचं आणि मग एकाच ताटात जेवायचे.

ह्यांच्याकडे पत्रकं पोचवायचं काम होतं. देवराव दुकानदारानं ते पोलिसांच्या कानावर घातलं. पोलिसांनी ह्यांना चावडीवरून नेलं आणि घरी आलं ते मढं. देवरावानंच नाव सांगितलं याबद्दल गावात कुणालाच शंका नव्हती. मेला स्वतःच दुकानात बसून मिरवायचा. पुढे गावात राहणं कठीण झालं, तेव्हा भाऊजी मला घेऊन सरहद्दीपलीकडे वऱ्हाडात आले. तिथं पक्षाची छावणी होती. मी भाकरी थापायचे, भाऊजी पोरांबरोबर निजामाच्या नाक्यांवर हल्ल्याला जायचे.

एक दिवस भरदुपारी पोरांनी देवरावाला बांधून आणलं. मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? छावणीच्या प्रमुखांना सगळे मास्तर म्हणायचे. त्यांनी सगळ्यांना लिंबाखाली बसवलं. म्हणाले, “याला जिवंत सोडायचं नाही, असं पक्षाचं ठरलंय. सगळ्यांचे हात वर पाहिजेत.”

भराभर हात वर झाले. भाऊजींचा तेवढा मांडीवर.

“रंगनाथ, अरे तुझा सख्खा भाऊ गेला!”

“गेला. बिगर चौकशीचा गेला, म्हनून तर मी घर सोडून हितं आलो ना मास्तर? अन् आता आपन बी तेच करून राह्यलो. बांधून ठेवा याला. राज्य बदलंल, कोर्ट बसंल, मीच साक्ष देईन. पन आज मारायला माझं मत बिलकुल न्हाई.”

“पक्षापेक्षा शहाणा झालास का?”

“न्हाई. पक्षानं इचारलं, मी सांगितलं.”

मास्तर भडकले. “मग विचार तुझ्या वहिनीला! कुंकू तिचं पुसलंय.”

भाऊजी माझ्याकडे वळले. “वहिनी, काय करू?” मी चुलीपाशी उभी होते, तिथूनच म्हणाले, “हात वर करा, भाऊजी. माझ्यासाठी करा.” त्यांचे डोळे भरून आले. हात काही वर गेला नाही. इतक्या माणसांदेखत मी त्यांना शिवी हासडली.

देवरावाला ओढ्याकडे नेलं. गोळीचा आवाज आला तसे भाऊजी उठले आणि बैलगाडी जुंपायला लागले. मढं घरी पोचवतो म्हणाले. मास्तरांनी अडवलं. “वेडा झालास का? धरतील तुला. अन् तू तर नकोच म्हणाला होतास, तुझा काय संबंध?”

“नको म्हनलो, पन बसलो तर तुमच्यातच व्हतो. त्याच्या बायकोनं किती वाट बघावी?”

निघताना म्हणाले, “येतो वहिनी.” मी ‘या’ म्हटलं नाही. ते गावातच धरले गेले आणि राज्य बुडायच्या आधी तुरुंगात मेले.

निजामाचं राज्य गेल्यावर मी गावी परतले. ज्यांचे हात वर होते त्यांना हारतुरे मिळाले. भाऊजींचं नाव निघालं तर ‘पक्षाच्या विरोधात गेलेला’ म्हणून. अशात एकदा देवरावाची बायको सुभद्रा माझ्या दारात आली.

“खुनी म्हनून पोलिसाला मीच तुमच्या दिराकडं बोट दावलं,” ती म्हणाली. “मढं उतरवून पटका काढून उभा राह्यला. कोनी मारलं म्हनलं, तर गप.”

मी तिला लिंबाखाली काय झालं ते सांगितलं, माझं तेवढं सोडून. “मारू नका म्हणणारे ते एकटेच होते, बाई.”

ती मटकन उंबऱ्यावर बसली. “मंग बोलला का न्हाई? येवढं जरी बोलला असता!”

“बोलले असते तर बाकीचे कोण, हे पोलिसांनी विचारलं असतं. खोटं बोलणं त्यांना जमत नव्हतं.”

ती रडायला लागली. देवरावाच्या मरणाचं मला तेव्हा वाईट वाटलं नव्हतं, आजही वाटत नाही. भाऊजींच्या मरणानं मात्र माझा जीव अजून जळतो. मी तिला पाणीसुद्धा विचारलं नाही.

बऱ्याच वेळानं तिनं डोळे पुसले. “तुमाला बी इचारलं असंल ना त्यानं, काय करू म्हनून?”

“विचारलं होतं,” मी म्हणाले.

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. पुढचं तिनं विचारलं नाही.