घणसोलीच्या मांडवात ‘खाजण’ पुन्हा वाजला

मराठीत रॉक वाजवणाऱ्या आणि ऐकणाऱ्या मित्रांनो, आपलं दुखणं एकच आहे. शहरातले स्टेजवाले म्हणतात, इंग्रजीत गा. गावातली माणसं म्हणतात, दुसरीकडे जाऊन वाजवा. हा राग मीही पोसला. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस केलेल्या एका प्रवासात तो निम्मा उतरला.

साताऱ्याहून पहाटेच्या एसटीने निघालो. माझा चुलतभाऊ सुहास तळोज्याच्या कारखान्यात कामाला, राहायला घणसोली गावात भाड्याच्या खोलीत, आणि ‘खाजण’ बँडचा ड्रमर. त्याचं पत्र आलं होतं : “शनिवारी वाजवतोय. ये.” एक्स्प्रेसवे झाला नव्हता, बोरघाटात ट्रकांमागे तासभर गेला. खोपोलीला वडापाव खाल्ला, तुम्हीही खा. वाशीहून घणसोलीला रिक्षा मीटरनेच करा. मी भाडं ठरवून केली आणि फसलो.

सुहासच्या घरमालकाचा मुलगा पुंडलिक बँडचा गायक. शहरासाठी मिठागरं गेली, शेतं गेली, त्यावरची बँडची गाणी कॉलेजांच्या स्पर्धांत गाजली. कॅसेटच्या प्रती साताऱ्यातही फिरल्या. मग त्यांच्या हातून चूक झाली. आगरी लग्नात विधीचं गाणं, धवला, म्हणणाऱ्या धवलारणीचा मान पहिला. गावातल्या एका मांडवात धवलारीण जनाआत्या सुरू करण्याआधीच यांनी गिटार छेडली. आत्या उठून घरी निघून गेली, लग्न खोळंबलं. पुंडलिकच्या वडिलांनी सरावाची खोली भाडेकरूला देऊन टाकली. दोन वर्षं बँड गप्प.

आता आत्याच्याच नातवाचं लग्न होतं. पुंडलिकने पाय धरले तेव्हा ती एवढंच म्हणाली होती, “या. बसा. मी सांगीन तवा.”

“दादा, आज नाही झालं तर बँड सोडून कायमची रात्रपाळी घेणार,” सुहास मला म्हणाला. “साहेबाला सांगून ठेवलंय.”

“सकाळपासून हेच टेन्शन देतोय हा,” पुंडलिक म्हणाला.

दुपारी मांडवात ड्रम मांडले, तशी एक बाई म्हणाली, “भांड्यांचं दुकान आनलंस का रं?”

“विकनारा हाय का वाजवनारा, विचार आधी,” दुसरी म्हणाली.

आत्याने धवला सुरू केला. तासभर. बँडची पोरं मातीत मांडी घालून बसली होती. सुहासची बोटं आपोआप गुडघ्यावर तिचा ठेका धरू लागली. ती थांबली, पाणी प्यायली.

“पुंड्या, कवरा वेळ बसशील? वाजव. पन माजा शबूद बुरवू नको.”

तिचा शब्द बुडू नये म्हणून सुहासने काठ्या बाजूला ठेवल्या आणि हातांनी वाजवायला घेतलं. गिटार हळूच आत आली. आत्याने आपण होऊन आणखी एक कडवं उचललं, आणि तिथूनच पुंडलिक मिठागरांच्या गाण्यात शिरला. थट्टा करणाऱ्या बाया सगळ्यांत पुढे येऊन बसल्या.

“भांडीवाल्या, थांबू नको रं.”

पुंडलिकचे वडील कडेला उभे होते. गाणं संपल्यावर सुहासजवळ येऊन म्हणाले, “खोली म्हैन्याभरात खाली होतेय. दुसऱ्याला देनार नाय.”

रात्रपाळीचा विषय पुन्हा निघाला नाही.

साताऱ्याला परतल्यावर मी बरेच दिवस चिडलेलो होतो, स्वतःवर. मराठी रॉक ऐकून घ्या म्हणून मी इतकी भाषणं ठोकली, पण गावात कोण काय गातं हे कधी बसून ऐकलं नव्हतं. त्या पोरांचं तसं मातीत बसून ऐकणं मला आजही त्यांच्या कुठल्याही गाण्याहून मोठं वाटतं.

तुमच्या गावातही लग्नाची गाणी म्हणणारी एखादी आजी असेल. येत्या रविवारी तिच्या घरी जा आणि तिचं एक गाणं शेवटपर्यंत ऐका. गिटार नेऊ नका.