लोगोसाठी जागा

रिपेअरिंगच्या दुकानात जळकी कार्डं साठत जातात, तसे आमच्या वर्कशॉपमध्ये किस्से साठतात. फेकवत नाहीत. नंदुरबारला आम्ही मोबाईलवरून मोटर चालू-बंद करणारी कार्डं बनवतो. प्रत्येक कार्डात एक छोटा प्रोग्रॅम असतो, बूटलोडर. वीज आली की तो सगळ्यात आधी उठतो, मेमरीत ठरलेल्या एकाच पत्त्यावर जातो आणि तिथल्या मुख्य प्रोग्रॅमला जागं करतो. मुख्य प्रोग्रॅम इथे बसून, सिमवरून बदलता येतो. बूटलोडर बदलायचा तर लॅपटॉप घेऊन विहिरीपर्यंत जावं लागतं. हे आमच्या चहावाल्यालाही पाठ आहे. साहेबांना नव्हतं.

*

साहेब पुण्याहून आले, चीफ आर्किटेक्ट म्हणून. पहिल्याच दिवशी त्यांनी जुना कोड उघडला. वर मराठीत ओळ होती: 'हा पत्ता बदलू नये. जुनी कार्डं इथेच येतात.'

"मराठीत कॉमेंट? अनप्रोफेशनल!" म्हणत त्यांनी ओळ पुसली. "कोणी लिहिलंय हे?"

ती ओळ माझ्या बायकोची, उषाची. बूटलोडरही तिचाच. तिला जाऊन तेव्हा आठ महिने झाले होते.

"जुन्या स्टाफने," मी म्हणालो.

*

मग साहेबांनी नव्या कार्डांचा बूटलोडर बदलला, मुख्य प्रोग्रॅम पुढे सरकवला आणि त्याच्या जागी कंपनीचा लोगो बसवला. वीज आली की स्क्रीनवर आधी लोगो झळकणार! स्क्रीन बोटाएवढी, ती पत्र्याच्या पेटीत, आणि पेटी विहिरीवर.

सोल्डरिंग करणारा अनिल मान वर न करता म्हणाला, "साहेब, त्या पेटीमा पाल ऱ्हास. लोगो तिले दखाडशात का?"

*

मी म्हटलं, जुन्या कार्डावर एकदा चालवून बघा. धडगावच्या वर एका पाड्याचं पिण्याचं पाणी आपल्या जुन्या कार्डावर आहे. ते बंद पडलं तर बायकांना हंडे घेऊन पार नाल्यापर्यंत उतरावं लागेल.

साहेबांनी जुनं कार्ड लावलं. अडकलं. "कार्ड खराब आहे." दुसरं लावलं. अडकलं. "हेही खराब." तिसरं अडकल्यावर मान हलवून म्हणाले, "तुमच्याकडे खराब माल फारच निघतो हो!"

*

शेठजींपुढे मीटिंग. पडद्यावर शेवटची ओळ: 'जुन्या कार्डांवर चालते.' पुढे हिरवी टिक.

"ही टिक कोणी तपासून दिली?" मी विचारलं.

"ती टेम्प्लेटमध्येच होती."

शेठजींनी टाळ्या वाजवल्या.

*

सकाळी अपडेट सुटलं. चहा यायच्या आत सारंगखेड्याहून एका बापूंचा फोन. "भाऊ, मन्ही मोटर बंद पडनी! पण मोबाईलवर 'अभिनंदन' उनं शे!"

मग रांगच लागली. जुनी कार्डं नेहमीच्या पत्त्यावर जात होती आणि लोगोवर आपटत होती.

साहेब घामाघूम. "तो बूटलोडर लिहिणाऱ्याला फोन लावा! आत्ता!"

"लागणार नाही," मी म्हणालो.

*

पाड्याची पेटीही गप्प होती. तिला उंच अँटेना आहे, पण तिथले पंपचालक दित्याभाऊ यांच्या फोनला रेंज नाही, ते मोटर पेटीवरच्या बटणानेच चालवतात. मग विचारायचं कोणाला? टाकीत जेमतेम एका दिवसाचं पाणी असतं. मी साहेबांना घेऊन धडगाव गाठलं, तिथून खचाखच भरलेल्या जीपने पुढे. घाटभर साहेब लॅपटॉप छातीशी धरून बसले होते. शेवटचा चढ पायी.

वर पोचलो तर मोटर चालू! टाकी भरून वाहत होती, नळावर बायका हंडे भरत होत्या.

"बघितलं?" साहेबांचा चेहरा उजळला. "जुन्या कार्डावरही चालतं! मी पहिल्यापासून सांगत होतो!" टाकीसमोर उभं राहून त्यांनी माझ्याकडून फोटोही काढून घेतला.

दित्याभाऊंनी फोटो होऊ दिला. मग शर्टाच्या खिशातून कागदाची पुडी काढून साहेबांच्या हातावर ठेवली. आत सिमकार्ड होतं.

"हे तुमचं, साहेब. परवा बाजारात होतो, तर तुमचा मेसेज आला, 'आपल्या यंत्रात नवीन सुविधा येत आहे.' तसाच वर आलो आणि पेटीतून काढून ठेवलं."

"पण का?"

"साहेब, इथे सुविधा आली की आधी पाणी जातं."