रंजिताचं फिरतं पार्लर

दिग्रसच्या एका लेडीज पार्लरमध्ये रंजितानं नऊ वर्षं काम केलं. मग सासू भागीरथाबाई न्हाणीत घसरून पडल्या, खुब्याचं हाड मोडलं आणि तिची नोकरी सुटली.

दोन महिने पडून पडून सासूच्या केसांचा पार गुंता झाला. कंगवा लावला की त्या ओरडत. एका सकाळी रंजितानं त्यांना भिंतीला टेकवून बसवलं आणि केस खांद्यापर्यंत कापून टाकले. शेजारच्या हंसाबाई बघत होत्या. म्हणाल्या, "माह्या बहिणीचेही कापून देशील का वं? तिले तं उठताच येत नाही."

अशी सुरुवात झाली. पुढं सासू वॉकर धरून चालायला लागल्या, पण रंजिता पार्लरमध्ये परतली नाही. तिनं औषधांच्या दुकानांत आपला फोन नंबर चिकटवला आणि स्कूटीला पिशवी अडकवून ती खेडोपाडी फिरू लागली. अंथरुणाला खिळलेल्या बायका, बाळंतिणी, गुडघे धरलेल्या म्हाताऱ्या. काम वाढत गेलं.

एकदा आर्णी रस्त्यावरच्या एका गावातून विमलताईंचा फोन आला. वडिलांना, विठ्ठलरावांना, लकवा झाला होता. गावातला न्हावी मुलाकडं पुण्याला निघून गेला होता. दाढी करायची होती.

"मी बायकायचंच काम करतो, ताई," रंजिता म्हणाली. पण नकार देऊन तिनं फोन ठेवला नाही.

नवरा गोपाल चिडला. सासूनंही मुलाचीच बाजू घेतली. "बाईच्या हातात वस्तरा शोभते का?" रंजितानं सरावासाठी फुगे आणले, फुगवून त्यांना साबणाचा फेस लावला आणि वस्तऱ्यानं फेस काढायला बसली. दोन फुटले. तिसरा टिकला.

मग ती विमलताईंच्या घरी गेली. बाई दिसताच विठ्ठलरावांनी तोंड भिंतीकडं फिरवलं.

"बसतो मी, काकाजी," ती म्हणाली. "तुमाले वाटंल तवा करू."

अर्ध्या तासानं त्यांनी मान वळवली. लकव्यानं उजवा गाल ओघळला होता. तो बोटांनी वर ताणून धरत तिनं सावकाश दाढी केली, मिशी कापली. विमलताईंनी आरसा धरला. म्हातारा बराच वेळ बघत राहिला.

"उजवीकडची मिशी लोंबून राह्यली," ते अडखळत म्हणाले.

मिशी दोन्हीकडं सारखीच होती. लोंबत होता तो ओठ. रंजितानं ते सांगितलं नाही. उजवीकडचे चार केस आणखी कापले.

"हां. आता जमली."

तेव्हापासून दर पंधरा दिवसांनी गुरुवारी ती त्या गावी जाते. आता पुरुषांसाठीही फोन येतात. गोपाल या विषयावर बोलत नाही. सून काय करते असं कुणी विचारलं, तर भागीरथाबाई सांगतात, "दवाखान्याचं काम हाय तिचं."