आईच्या माहेरचं आडनाव

दरोडे विसरलो, खुनांचे पंचनामे विसरलो, ही एक घटना मात्र आजही जशीच्या तशी आठवते. तीत रक्ताचा थेंब सांडला नव्हता. चोरीला गेला होता एका मुलीचा ईमेल.

दोन हजारनंतरची सुरुवातीची वर्षं. संगणकावरच्या गुन्ह्यांचा कायदा नवा होता आणि त्याचा तपास उपअधीक्षकाच्या खालच्या अधिकाऱ्याला करता येत नसे. जालन्यात उपअधीक्षक मी. संगणक आला पाहिजे अशी अट कायद्यात कुठंच नव्हती, म्हणून प्रकरण माझ्या टेबलावर आलं.

फिर्यादी मुलगी तीर्थपुरीकडच्या शेतकरी घरातली, जालन्यात खोली करून शिकणारी. सोबत वडील आणि शिक्षिका. ही शिक्षिका म्हणजे राजस्थानी व्यापारी घरातली सून. सासऱ्यांच्या दुकानावरच्या माडीत ती मुलींना संगणक शिकवायची, त्यातही दुसऱ्याच्या संगणकात घुसणाऱ्यांना अडवायचं कसं, ते. पोरी तिला मॅडम न म्हणता भाभी म्हणत. तिच्या चार जुन्या विद्यार्थिनी पुण्यात या कामावर लागल्या होत्या. त्यांतल्याच एकीनं या मुलीचं नाव आपल्या कंपनीत सुचवलं आणि निवडही झाली. लगेच मुलीच्या ईमेलवरून कंपनीला पत्र गेलं: नोकरी नको, आणि खाली साहेबांना घाणेरड्या शिव्या. कंपनीनं कळवलं, सोमवारपर्यंत खुलासा द्या, नाहीतर जागा दुसऱ्याला.

वडिलांचा निर्णय झालेला होता. "साहेब, मी पोरीला घरी घेऊन चाललो. ठाण्यात नाव आलं, बस झालं."

"काका, चोरी झाली म्हणून घरच्यांनाच घराबाहेर काढतात का?" भाभी म्हणाली.

मी चौकशी सुरू केली. पासवर्ड कुणाला सांगितला? कुणालाच नाही. कुठं लिहून ठेवला? नाही. मुलगी एकेका शब्दात उत्तरं देत होती. ती जरा मोकळी व्हावी म्हणून, आपल्या भागात अनोळखी माणसाला जे सगळ्यात आधी विचारतात तेच मी विचारलं.

"बाळ, आजोळ कुठलं तुझं? मामांचं आडनाव काय?"

तिनं सांगितलं. "अरे वा, त्यांच्यातले एक आमच्याकडं जमादार होते," मी म्हणालो.

भाभी ताठ बसली. "साहेब, हिचं कुलूप तुम्ही आत्ता उघडलं."

मग तिनं समजावून सांगितलं. पासवर्ड विसरला तर संगणक आधी ठरवलेला एक प्रश्न विचारतो. उत्तर बरोबर आलं की नवा पासवर्ड घेता येतो. या मुलीनं निवडलेला प्रश्न होता, आईच्या माहेरचं आडनाव. ज्यानं हा प्रश्न काढला, त्याच्या देशात ते गुपित असेल. आपल्याकडं पाहुण्याच्या हातात चहाचा कप येण्याआधी ते जाहीर झालेलं असतं.

"इतक्यात कुणी विचारलं होतं?" मी मुलीला विचारलं.

मुलीनं वडिलांकडं बघितलं. वडिलांनी पंख्याकडं.

"पाहुणे आल्ते, साहेब. अंबडचे. मला बघायला. बाबा म्हणाले, वर्षभर नोकरी करू द्या, मंग बघू. त्यांना ते आवडलं न्हाई."

पत्र कोणत्या जोडणीवरून निघालं, याचा क्रमांक भाभीनं त्या पत्रातूनच काढून दिला होता. आम्ही इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीकडं रीतसर विचारणा केली. उत्तर आलं: अंबडच्या बाजारातला एक इंटरनेट कॅफे.

नवऱ्या मुलाला बोलावलं. कडक इस्त्री, खिशाला दोन पेनं. अशा माणसाला दम दिला की तो वकील मागतो. शहाणपण दाखवायची संधी दिली की थांबत नाही. मी टोपी काढून बाजूला ठेवली आणि अडाण्याचं सोंग घेतलं. माझी बायको म्हणते, सोंग फारसं घ्यावं लागलं नसेल.

"भाऊ, तुमच्यासारख्या जाणकाराला विचारावं म्हणून बोलावलं. आमचा हवालदार म्हणतो, चोरानं खिडकीतून पासवर्ड बघितला. मी म्हणतो, फोनवर चोरून ऐकला."

तो हसला. "साहेब, पासवर्ड लागतच न्हाई. विसरलो म्हणून दाबायचं. तिला आईच्या माहेरचं आडनाव विचारतंय. बिलकुल सोपं."

"असं होय! हवालदार, पाणी द्या यांना." मी ग्लास त्याच्या ओठापर्यंत जाऊ दिला. "पण तिला कोणता प्रश्न येतो, ते दाबल्याशिवाय दिसत नाही म्हणतात. तुम्ही कधी दाबलं?"

ग्लास तिथंच थांबला. तो पुटपुटला, "गंमत करून राह्यलो होतो, साहेब."

"आम्हीबी गंमतच करून राह्यलो," हवालदार म्हणाला आणि त्यानं जबाबाचा कागद पुढं ओढला.

मी मिशीवर हात फिरवत बाहेर आलो. वडील बाकावरून उठलेसुद्धा नाहीत. "चोर घावला, चांगलं झालं, साहेब. पण तिथं हिचं कोण हाय?"

यावर माझ्याकडं कलम नव्हतं. भाभी त्यांना समोरच्या एसटीडी बूथवर घेऊन गेली, पुण्याला फोन लावला आणि रिसीव्हर त्यांच्या हातात दिला. पलीकडं तिच्या त्या जुन्या विद्यार्थिनी. मला फक्त इकडची बाजू ऐकू आली.

"हां... तुमच्याच खोलीत?... आन् जेवणाचं?... तू कोणाची गं? राजूरची?... मंग हे आधी न्हाई का सांगायचं!"

मुलगी रविवारच्या गाडीनं माझं पत्र घेऊन गेली. खुलासा मान्य झाला, नोकरी राहिली.

आरोपी सापडला की प्रकरण संपलं, असं मी तोवर मानत होतो. या प्रकरणात मी सिद्ध केलं ते एवढंच, की त्या शिव्या मुलीनं लिहिल्या नव्हत्या. तेवढ्यावर तिला कुणी घराबाहेर पाठवलं नसतं. ते काम आधी गेलेल्या पोरींनी केलं, आणि त्याची नोंद ठाण्याच्या कोणत्याच रकान्यात बसत नाही.

खटला आपल्या गतीनं चालला. साक्षीच्या दिवशी ती पुण्याहून आली, तेव्हा कोर्टाच्या आवारात तिच्यासोबत दोन नव्या मुली होत्या.

"या कोण?" मी विचारलं.

"भाभींच्या आत्ताच्या, साहेब. साक्ष कशी द्यायची ते बघायला आणलं. पुढं हे काम यांनाच करायचंय."

पुकारा झाला. ती साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभी राहिली, आणि त्या दोघी नीट ऐकू यावं म्हणून पुढच्या बाकावर सरकल्या.